चिनी खोली युक्तिवाद

चिनी खोली युक्तिवाद : संगणकाचा प्रोग्रॅम कितीही चोख उत्तरे देत असला, तरी केवळ तो चालतो एवढ्यावरून यंत्राला अर्थ कळतो असे म्हणता येत नाही, हे दाखवू पाहणारा मनाच्या तत्त्वज्ञानातील एक युक्तिवाद. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी तो १९८० मध्ये ‘बिहेवियरल अँड ब्रेन सायन्सेस’ या नियतकालिकात मांडला. यंत्राला माणसासारखी जाणीव व आकलन असू शकते का, या वादात त्याच्याइतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या एखाद्या युक्तिवादाची झाली असेल. यंत्राला कधीच मन असणार नाही याचा पुरावा, असा त्याचा उल्लेख लोकप्रिय लेखनात आढळतो. तो मात्र बरोबर नाही. सर्ल यांच्या मते मेंदू हेही एक यंत्रच आहे आणि ते विचार करते. त्यांचा आक्षेप ‘योग्य प्रोग्रॅम म्हणजेच मन’ या समीकरणावर आहे.

मूळ मांडणी : येल विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ रॉजर शँक व त्यांचे सहकारी १९७०–८० च्या दशकात गोष्ट ‘समजणारे’ प्रोग्रॅम तयार करीत होते. परिचित प्रसंगाचा एक साचा प्रोग्रॅमला आधीच पुरवलेला असे. उदा., उपाहारगृहात माणूस येतो, बसतो, पदार्थ मागवतो, खातो, पैसे देतो व जातो. सर्ल यांनी घेतलेली गोष्ट अशी : एकाने हॅम्बर्गर मागवला, तो करपून कोळसा झालेला आला, तेव्हा तो माणूस संतापून पैसे न देताच निघून गेला. त्याने हॅम्बर्गर खाल्ला का? उत्तर गोष्टीत कुठेच लिहिलेले नाही, तरी ऐकणारा ‘नाही’ म्हणतो. साच्याच्या आधाराने प्रोग्रॅमलाही तसे म्हणता येई. एवढ्यावरून यंत्राला गोष्ट समजली, शिवाय माणसाला ती कशी समजते याचाही उलगडा झाला, असा दावा होत असे. या दाव्याला सर्ल यांनी ‘सबल कृत्रिम बुद्धिमत्ता’ असे नाव दिले. संगणकाला मनाच्या अभ्यासाचे एक उपयुक्त साधन मानणारा पक्ष त्यांच्या लेखी ‘दुर्बल’. त्याच्याशी त्यांचे भांडण नव्हते.

युक्तिवादात सर्ल स्वतःलाच एका खोलीत कोंडून घेतात. त्यांना चिनी भाषेचे अक्षरही येत नाही. त्यांना आधी चिनी मजकुराचा एक गठ्ठा मिळतो. मग दुसरा गठ्ठा येतो. पहिल्याशी त्याची सांगड कशी घालायची याचे इंग्रजी नियम सोबत असतात. मग तिसरा, आणि त्याच्यासोबत आणखी नियम. सगळे नियम चिन्हांच्या केवळ आकारावर बेतलेले : अमुक आकार तमुक आकारानंतर आला, तर ढमुक चिन्ह बाहेर सरकवा. बाहेरचे लोक पहिल्या गठ्ठ्याला साचा, दुसऱ्याला गोष्ट, तिसऱ्याला प्रश्न, नियमांना प्रोग्रॅम आणि बाहेर आलेल्या चिन्हांना उत्तरे म्हणतात. आतल्या माणसाला यातले काहीही ठाऊक नाही. सरावाने उत्तरे इतकी सफाईदार होतात की, आत कोणी अस्सल चिनी भाषक बसला असावा असे बाहेर वाटते. याच खोलीत इंग्रजी गोष्ट व इंग्रजी प्रश्न आले, तर तोच माणूस ते वाचून, समजून उत्तरे देतो. बाहेरून पाहता दोन्ही उत्तरे सारखीच बिनचूक असतात. फरक आत बसलेल्यालाच कळतो. चिनीच्या बाबतीत त्याने संगणक करतो ते सारे केले, तरी चिनीतले त्याला काही उमगले नाही. मग संगणकाला उमगते असे म्हणायला आधार कोणता?

पाठभेद : पाठ्यपुस्तकांतून या खोलीची जी वर्णने येतात ती बहुतेक मिश्र स्वरूपाची असतात. चिनी चिन्हांनी भरलेल्या टोपल्या १९८० च्या लेखात नाहीत. त्या सर्ल यांनी १९८४ मध्ये बीबीसीवर दिलेल्या रीथ व्याख्यानांत येतात. फरक केवळ सामानाचा नाही. मूळ लेखात उदाहरण शँक यांच्या पद्धतीच्या प्रोग्रॅमचे आहे व खोलीतील तीन गठ्ठे त्या प्रोग्रॅमच्या घटकांशी एकास एक जुळतात. नंतरच्या मांडणीत ही जुळणी गळून पडली आणि युक्तिवाद कोणत्याही प्रोग्रॅमला लागू होतो हे अधिक ठळक झाले. पुढे १९९० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखात तो विधानांच्या रूपात येतो : प्रोग्रॅम निव्वळ विन्यासात्मक (चिन्हांच्या आकाराचे व मांडणीचे नियम पाळणारे) असतात, मनाला आशय (अर्थ) असतो, विन्यास आशयाला पुरेसा नसतो, म्हणून प्रोग्रॅम मनाला पुरेसे नाहीत. या रूपात खोलीचे काम तिसऱ्या विधानाला बळ देण्यापुरते उरते. खोलीच्या कथेवर हल्ला करून युक्तिवाद कोसळला असे मानणाऱ्या टीकाकारांच्या, आणि तिसऱ्या विधानाला स्वतंत्र आधार लागतो हे विसरणाऱ्या समर्थकांच्याही नजरेतून ही गोष्ट निसटलेली दिसते.

उगम व पूर्वसूरी : ही कल्पना सर्वस्वी सर्ल यांची की तिला पूर्वज आहेत, याबद्दल मतभेद आहेत. सामान्यतः जर्मन तत्त्वज्ञ लायप्निट्स यांच्या गिरणीकडे बोट दाखवले जाते. १७१४ च्या सुमारास लिहिलेल्या निबंधात ते म्हणतात की, विचार व संवेदन करणारे यंत्र प्रमाण राखून गिरणीएवढे मोठे केले आणि आपण त्यात शिरलो, तर एकमेकांना ढकलणारे भागच दिसतील. संवेदनेचा खुलासा करणारे तिथे काही सापडणार नाही. त्याआधी १६३७ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी असे म्हटले होते की, शब्द उच्चारणारे यंत्र घडवता येईल, पण कोणत्याही बोलण्याला अर्थाला धरून उत्तर देणे त्याला जमणार नाही. देकार्त यांना पूर्वज ठरवणे मात्र ओढूनताणून वाटते. यंत्राचे वर्तनच उघडे पडेल असा त्यांचा भरवसा होता. सर्ल वर्तन निर्दोष असल्याचे गृहीत धरूनच सुरुवात करतात.

अधिक जवळचा दुवा ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या १९४८ च्या अहवालात सापडतो. कागद, पेन्सिल व खोडरबर घेऊन नियमांचे काटेकोर पालन करणारा माणूस हा सार्वत्रिक यंत्रच (कोणतीही नियमबद्ध आकडेमोड करू शकणारे यंत्र) होय, असे त्यात म्हटले असून अशा ‘कागदी यंत्रा’ने बुद्धिबळ खेळण्याचा प्रयोगही वर्णिला आहे. यंत्राच्या जागी माणूस बसवण्याची युक्ती येथे स्पष्ट दिसते. ट्युरिंग यांनी मात्र तिच्यावरून आकलनाविरुद्ध काहीही निष्कर्ष काढला नाही. १९५० च्या सुप्रसिद्ध लेखात, यंत्र विचार करू शकते का हा प्रश्नच बाजूला सारून त्यांनी त्या जागी संवादाची कसोटी ठेवली. हा अहवाल ट्युरिंग यांच्या हयातीत छापला गेला नव्हता. त्यामुळे त्याच्या प्रभावाविषयी जपूनच बोलावे लागते.

सोव्हिएत विज्ञानकथाकार अनातोली द्नेप्रोव्ह यांच्या १९६१ मधील एका कथेचा दाखला अलीकडे वारंवार दिला जातो. तीत चौदाशे तरुण गणितज्ञ एका क्रीडांगणात रांगांनी बसून शून्य व एक हे अंक ठरावीक नियमांनी पुढे सरकवतात. खेळ संपल्यावर कळते की, त्यांनी मिळून एका पोर्तुगीज वाक्याचे रशियनमध्ये भाषांतर केले. पोर्तुगीज त्यांच्यापैकी कोणालाच येत नव्हते. कथेतला निष्कर्षही सर्ल यांच्याशी जुळतो. काहीजण प्राधान्याचा मान म्हणूनच द्नेप्रोव्ह यांना देतात. १९७८ मध्ये नेड ब्लॉक यांनी चीनची सारी लोकसंख्या बिनतारी यंत्रे घेऊन तासभर एका मेंदूचे काम करते, अशी कल्पना करून त्या समुच्चयाला वेदना वा रंगाचा अनुभव असेल का असे विचारले. दोन्ही ठिकाणी चीन यावा हा योगायोगच असावा : ब्लॉक यांना हवी होती प्रचंड लोकसंख्या, सर्ल यांना हवी होती न वाचता येणारी लिपी.

या सर्वांत एक भेद ठळक आहे. लायप्निट्स यंत्रात पाहुण्यासारखे फेरफटका मारतात. द्नेप्रोव्ह यांचे गणितज्ञ व ब्लॉक यांचे चिनी नागरिक यांना सगळ्या कामाचा एकेक तुकडाच वाट्याला येतो, तेव्हा त्यांना संपूर्ण अर्थ कळला नाही यात नवल नाही. सर्ल यांच्या खोलीत सर्व काम एकच माणूस करतो आणि तो स्वतःपुरती साक्ष देऊ शकतो. कल्पनेचे धागे जुने असले, तरी प्रथमपुरुषी साक्षीवर केलेली ही बांधणी सर्ल यांचीच मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

भारतीय दर्शनांशी तुलनाही केली जाते. सांख्यमतात बुद्धी ही प्रकृतीचा, म्हणजे जड मूलतत्त्वाचा विकार, म्हणून स्वतः अचेतन. निश्चय करण्याचे काम ती करते, पण चेतना पुरुषाची, म्हणजे आत्मतत्त्वाची असते. चार्वाकमतात किण्वादी (आंबवणाऱ्या) द्रव्यांच्या संयोगातून मदशक्ती यावी तशी पृथ्वी, जल आदी महाभूतांच्या संयोगातून चेतना येते. मेंदूच्या विशिष्ट कारकशक्तीतून मन उद्भवते हे सर्ल यांचे म्हणणे या मताला बरेच जवळचे आहे. मात्र या साम्यांवरून त्या दर्शनांपुढे हाच प्रश्न होता असे म्हणता येत नाही.

आक्षेप : मूळ लेखात सर्ल यांनी संभाव्य आक्षेपांना ते जिथे ऐकले त्या संस्थांची नावे जोडून उत्तरे दिली आहेत. सर्वांत वजनदार आक्षेप समग्र यंत्रणेचा : माणसाला चिनी कळत नसेल, पण माणूस, नियमावली, कागद व चिन्हे मिळून होणाऱ्या यंत्रणेला ती कळते. सर्ल यांचे उत्तर असे की, सर्व नियम पाठ करा, हिशेब मनातच करा, खोली सोडून मोकळ्यावर या. आता संपूर्ण यंत्रणा तुमच्या आत आहे, तरी चिनी येत नाहीच. हे उत्तर दिसते तितके निर्णायक नाही. माझ्या आत जे घडते ते सर्व मला ठाऊक असतेच, असे त्यात न सांगता गृहीत धरले आहे. जॅक कोपलंड यांनी हा दोष तार्किक अंगाने दाखवला आहे : भागाला अमुक गुण नाही, यावरून संपूर्णाला तो नाही असे निघत नाही, आणि संपूर्णाला भागाच्या आत बसवल्यानेही ते निघत नाही. डॅनिएल डेनेट यांचा रोख वेगळा होता. अस्खलित संवाद साधणारी नियमावली किती अवाढव्य असेल आणि ती हाताने चालवायला किती काळ लागेल, याचा विचार कथेत दडपला जातो. वाचक चार चिठ्ठ्या सरकवणारा माणूस डोळ्यांपुढे आणतो आणि निष्कर्ष आपसूक स्वीकारतो.

दुसरा आक्षेप यंत्रमानवाचा. प्रोग्रॅमला कॅमेरा, हात व पाय दिले, तर चिन्हांचा जगाशी संबंध जुळेल. सर्ल म्हणतात, कॅमेऱ्यातून येणारेही खोलीतल्या माणसासाठी आणखी काही आकारच. स्टीव्हन हारनाड यांनी १९९० मध्ये चिन्हांना जगात मूळ कसे मिळते हा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला व सर्ल यांचा आक्षेप मान्य करूनही संवेदनांशी जोडलेल्या यंत्रणेसाठी वाट मोकळी ठेवली. मेंदूतील चेतापेशींचे हुबेहूब अनुकरण केले तर काय, या आक्षेपाला उत्तर म्हणून सर्ल पाण्याच्या नळांचे व झडपांचे जाळे उघड-बंद करणारा माणूस कल्पतात. पॉल व पॅट्रिशिया चर्चलँड यांचा प्रतिदृष्टान्त प्रसिद्ध आहे : अंधाऱ्या खोलीत लोहचुंबक हलवून उजेड पडत नाही, म्हणून प्रकाश म्हणजे विद्युत्‌चुंबकीय तरंग नव्हेत असे ठरत नाही. आपल्या सहजबुद्धीला काय अशक्य वाटते, हा पुरावा नव्हे.

आकलन आणि जाणीव : खोलीचा युक्तिवाद अर्थाविषयी आहे, अनुभव कसा असतो याविषयी तो थेट काही सांगत नाही. दोहोंना जोडणारा दुवा सर्ल यांनी नंतर दिला. अर्थ धारण करण्याची क्षमता अखेर जाणिवेवर अवलंबून असते, असे त्यांनी १९९० नंतरच्या लेखनात प्रतिपादले. हे मत फारसे स्वीकारले गेलेले नाही. डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये जाणिवेचा ‘कठीण प्रश्न’ (भौतिक क्रियांबरोबर अनुभव मुळात का असतो) असे ज्याला म्हटले, तो प्रश्न गंभीर मानूनही योग्य रचनेच्या संगणकाला जाणीव असू शकते असे त्यांचे मत आहे. उलट चेताशास्त्रज्ञ जुलिओ तोनोनी यांच्या एकात्मिक माहिती सिद्धान्तानुसार निर्णायक असते ती यंत्राची भौतिक कार्यकारण-रचना. नेहमीच्या संगणकावर मेंदूचे तंतोतंत अनुकरण चालवले, तरी त्या संगणकाला जाणीव असणार नाही. सर्ल यांच्यापेक्षा वेगळ्या वाटेने आलेला असूनही हा सिद्धान्त त्यांच्याच निष्कर्षापाशी पोहोचतो.

सद्यःस्थिती : संवाद साधणाऱ्या मोठ्या भाषा-प्रारूपांमुळे (लार्ज लँग्वेज मॉडेल) खोली पुन्हा चर्चेत आली. या प्रारूपांत माणसाने लिहिलेली नियमावली नसते. प्रचंड मजकुरावरून ठरलेले आकडे असतात. म्हणून शँक यांच्या साच्यांवरचा आक्षेप त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही, पण विन्यास व आशय यांबाबतचे वरील तिसरे विधान लावता येते असे समर्थक मानतात. फिलपेपर्स या तत्त्वज्ञानविषयक संकेतस्थळाने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत, खोलीला चिनी समजत नाही या बाजूने सुमारे दोन-तृतीयांश उत्तरे आली; त्याच पाहणीत भावी कृत्रिम बुद्धिमत्तेला जाणीव असू शकेल या बाजूने सुमारे ३९ टक्के कौल होता. २०२३ मध्ये तत्त्वज्ञ, चेताशास्त्रज्ञ व संगणकशास्त्रज्ञ यांच्या एका गटाने जाणिवेच्या वैज्ञानिक सिद्धान्तांवरून लक्षणांची यादी काढून त्या काळच्या यंत्रणा तपासल्या. त्यांपैकी एकही जाणीवयुक्त असण्याची शक्यता त्यांना दिसली नाही. मात्र ही लक्षणे असलेली यंत्रणा बांधण्यात उघड तांत्रिक अडथळाही आढळला नाही. योग्य प्रकारची संगणनक्रिया जाणिवेला पुरेशी असते, हे या अहवालाचे आरंभीचे गृहीतक आहे, आणि सर्ल यांचा वाद नेमका त्याच्याशीच होता.