मन सांभाळणाऱ्या रोजच्या सवयी

झोप, चालणं, वेळेवर जेवण, माणसांशी बोलणं अशा साध्या गोष्टी रोज ठरलेल्या वेळी केल्या की मनाला आधार मिळतो, त्या या सवयी. गोळ्या चालू असल्या तरी यांची गरज असतेच, आणि सवयी लागल्या म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात.

बरं वाटलं की बाहेर पडू असं म्हणत बसलं तर तो दिवस येतच नाही, आधी बाहेर पडायचं, बरं वाटणं मागनं येतं. डिप्रेशनवरची एक उपचारपद्धतच या विचारावर उभी आहे आणि तिची मोठी चाचणी आपल्या गोव्यात झालीय. संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ४९५ पेशंटांवर ती केली, समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं होती, तरी पेशंटांना स्पष्ट फरक पडला. निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. गोव्याबाहेर याचं नाव आहे, इथे मात्र फार कमी लोकांना माहीत, याचं वाईट वाटतं.

सवय लागायला २१ दिवस पुरतात हे खरं नाही. लंडनमधल्या एका अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला, कुणाला १८ लागले तर कुणाला अभ्यासाच्या अंदाजाने २५४ लागले असते, आणि एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही.

नवी सवय रोजच्या एखाद्या गोष्टीला जोडली की टिकते. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की पाव घ्यायला दारात जातोच, तर पाव आत ठेवून, फोन घरीच सोडून आपल्या वस्तीच्या टोकापर्यंत चालून यायचं. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचं घड्याळ जागेवर राहतं, रात्री झोप वेळेवर येते. दुपारी जेवून आडवं व्हायचं तर अर्धा तास पुरे, दोन-दोन तास झोपलं की रात्रीच्या झोपेचं खोबरं. पावसाळ्यात चालणं सुटतं, माणूस घरात कोंडतो, तेव्हा देवळातलं भजन किंवा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीची घुमट (मातीचं वाद्य) वाजवत म्हणायच्या आरतीची प्रॅक्टिस फार कामाची, चार जणांत बसून आवाज लावला की मन मोकळं होतं.

दोन आठवडे उदास वाटतंय, झोप-भूक गेलीय, तर नुसत्या सवयींवर राहू नये. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट चालतो.