क्रेडिट कार्डावरून परस्पर पैसे गेले? तक्रार कुठे, किती दिवसांत, कोणत्या कागदांसह

न केलेल्या खरेदीचा मेसेज आला की बहुतेकांचा पहिला फोन घरी जातो आणि दुसरा बँकेतल्या ओळखीच्या माणसाला. हे दोन्ही नंतर करा. आधी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक करा, नाहीतर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन लावा. नंबर गुगलवर शोधू नका. तिथे सापडणारा ‘कस्टमर केअर’ बरेचदा दुसऱ्या भामट्याचाच असतो. वेबसाइटच उघडायची असेल तर पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो ना, ते बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर जायला सांगितलं होतं.

कार्ड ब्लॉक केलं म्हणजे तक्रार झाली, अशी एक गोड समजूत आहे. ब्लॉक केल्याने पुढचे व्यवहार थांबतात, झालेल्या व्यवहाराबद्दल तुम्ही अजून काहीच म्हटलेलं नसतं. म्हणून त्याच फोनवर ‘हा व्यवहार मी केलेला नाही, डिस्प्युट (म्हणजे हरकत) नोंदवा’ असं सांगून तक्रार क्रमांक घ्या आणि तेच ईमेलनेही पाठवा. फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही.

लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या पोर्टलवर तक्रार भरा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात, तोवरच ते गोठवता येतात, त्यामुळे इथे हिशेब तासांचा असतो. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तरी ही तक्रार करता येते. लाजेपायी थांबून राहणाऱ्यांचं नुकसान जास्त होतं.

भरपाई कुणाला मिळते?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे ठरवून दिलं आहे. चूक किंवा निष्काळजीपणा बँकेचा असेल, तर ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागत नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही (समजा, एखाद्या दुकानदाराच्या यंत्रणेतून कार्डाचा तपशील फुटला), तर बँकेकडून मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं की तुमच्यावर भार शून्य. ४ ते ७ दिवस लागले तर ५ लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्यावरच्या लिमिटला २५,००० रुपये तुमच्या माथी. ७ दिवसांनंतर सगळं बँकेच्या स्वतःच्या धोरणावर.

दिवस मोजताना मेसेज आला तो दिवस धरत नाहीत आणि सुट्ट्याही धरत नाहीत. शुक्रवारी रात्री मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार असेल, तर मधे आणखी सुट्टी नसल्यास सोमवार हा पहिला दिवस आणि बुधवार तिसरा.

ओटीपी, पिन, सीव्हीव्ही तुम्ही स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. मात्र ग्राहक निष्काळजी होता, हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. ‘ओटीपी टाकल्याशिवाय व्यवहार होतच नाही’ हे काउंटरवरचं ठरलेलं वाक्य ऐकून परत फिरू नका. परदेशी वेबसाइटवर नुसता कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही यांवर खरेदी होऊ शकते.

कागदपत्रं

बँकेचा डिस्प्युट फॉर्म सहीनिशी, व्यवहाराच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, त्या महिन्याचं स्टेटमेंट आणि १९३० किंवा पोर्टलची पोच, एवढ्यावर बहुधा काम भागतं. खरेदी परदेशातल्या दुकानात कार्ड वापरून झालेली दिसत असेल, तर त्या दिवशी तुम्ही भारतातच होता हे दाखवायला पासपोर्टच्या पानांची प्रतही मागतात. एफआयआरचा आग्रह धरला गेला तर पोलीस ठाण्यात जावं लागेल. पोर्टलची पोच म्हणजे एफआयआर नव्हे.

या सगळ्यांपेक्षा वजन पडतं ते तक्रारीच्या मजकुराला. ‘माझी फसवणूक झाली, कृपया मदत करा’ यातून काहीच कळत नाही. असं लिहा: ‘४४१७ ने संपणाऱ्या माझ्या कार्डावरून शुक्रवारी रात्री ११.४२ ला १८,९९९ रुपयांचा व्यवहार झाला. कार्ड माझ्याजवळच होतं. मला ओटीपी आलेला नाही आणि मी तो कुणाला सांगितलेला नाही. ११.५५ ला कार्ड ब्लॉक केलं, तक्रार क्रमांक अमुक.’ ओटीपी दिला असेल तर तेही खरं लिहा. खोटं लिहिलं की बँकेच्या नोंदींपुढे ते टिकत नाही आणि उरलेली तक्रारही संशयात जाते. पूर्ण कार्ड नंबर किंवा सीव्हीव्ही मात्र तक्रारीतही लिहायचा नाही.

पुढे काय होतं

कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. तोवर वादातल्या रकमेवर व्याजाचा बोजा पडता कामा नये. ‘तात्पुरती’ हा शब्द नीट वाचा, निकाल विरुद्ध गेला तर ती रक्कम परत बिलात येते. आणि रागाच्या भरात अख्खं बिल थकवू नका. वादातली रक्कम सोडून बाकीचं वेळेवर भरा, नाहीतर त्यावरचं व्याज आणि सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीचा, फटका खराखुरा बसेल.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’वर अर्ज करायचा, माहितीसाठी १४४४८. फी नाही, वकील लागत नाही. बँकेला केलेल्या तक्रारीची प्रत आणि आलेलं उत्तर मात्र जोडावं लागतं. सुरुवातीचा तो ईमेल इथेच कामी येतो.

नवीन कार्ड आलं की वापरण्याआधी अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहेत ना ते बघा आणि ऑनलाइन खरेदीची मर्यादा आपल्या खर्चाइतकीच ठेवा. टॅप करून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय पैसे जातात. ती सोय लागत नसेल तर तीही तिथेच बंद होते.