हृदयरोग-संशोधकाचे प्रकाशनकार्य व विद्वत्प्रभाव

हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांवर काम करणाऱ्या संशोधकाचे शोधनिबंध, त्यांतील त्याचा स्वतःचा वाटा आणि इतर अभ्यासकांनी त्या निबंधांचा घेतलेला आधार यांचा एकत्रित हिशेब. नेमणूक, बढती आणि संशोधन-अनुदान यांच्या निर्णयात तो पाहिला जातो.

एखाद्या निबंधाचा इतरांनी केलेला संदर्भ-उल्लेख म्हणजे उद्धरण. उद्धरणांवर आधारलेले सर्वांत प्रचलित माप म्हणजे एच-निर्देशांक. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी ते २००५ मध्ये सुचवले. एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ५, ४ आणि १ उद्धरणे मिळाली असतील, तर किमान चार उद्धरणे असलेले निबंध चार भरतात आणि निर्देशांक ४ येतो. पहिल्या निबंधाची उद्धरणे ४० ऐवजी ४,००० झाली तरी तो हलत नाही. शिवाय तो वर्षे सरतील तसा वाढतच जात असल्याने नवख्या आणि ज्येष्ठ संशोधकांची त्यावरून तुलना करणे अन्यायाचे ठरते. उद्धरण म्हणजे प्रशंसाही नव्हे. हृदयविकार, औषधे आणि कोविड यांच्या संबंधावरचा एक निबंध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने २०२० मध्ये, छापल्यापासून सुमारे महिन्याभरात मागे घेतला. त्याचे उल्लेख मात्र नंतरही होत राहिले.

या शाखेत एकेका निबंधामागे मोठा समूह असतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली आलेल्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतील सुमारे १५,००० हृदयविकाराच्या रुग्णांची तितक्याच निरोगी व्यक्तींशी तुलना केली होती, आणि धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह यांसारखे नऊ घटक जगभरच्या बहुतांश धोक्याचे कारण असल्याचे त्यातून दिसले. अशा निबंधात कोणाचा वाटा किती, हे नावांच्या क्रमावरून ताडावे लागते. वैद्यकशास्त्रात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असते.

मराठी नावांची अडचण आणखी वेगळी. आद्याक्षर आणि आडनाव एवढेच नोंदवणाऱ्या सूचीत ‘पाटील एस.’ किंवा ‘देशमुख ए.’ या एका नोंदीखाली अनेक माणसे गोळा होतात. उलट लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन नावांत विभागले जाते. यावर उपाय म्हणून २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकांचा ओळखक्रमांक मिळू लागला. तो वेळीच घेतला नाही तर जुने निबंध एकेक करून स्वतःच जोडत बसावे लागते.

ग्रामीण विदर्भात वैद्यकीय संशोधनाची परंपरा जुनी आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सुरू केले, तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. ‘सर्च’च्या संशोधकांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची नोंद ठेवली. त्यांपैकी १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते आणि मृत्यूच्या कारणांत तेच पहिल्या क्रमांकाचे होते, असे २०१५ मध्ये स्ट्रोक या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे मृत्यू बहुतांशी घरीच झालेले असल्याने रुग्णालयाच्या कागदपत्रांतून ते कधी कळलेच नसते.

अशी माहिती घरोघरी जाऊन जमवावी लागते. मृत्यूनंतर कार्यकर्ता घरच्यांना शेवटच्या दिवसांतली लक्षणे विचारतो: तोंड वाकडे झाले होते का, एका बाजूचे हातपाय लुळे पडले होते का, बोलणे बंद झाले होते का. घरचे ‘लकवा मारला’ एवढेच सांगतात. तो केव्हा, कसा आणि त्याआधी बीपीची गोळी चालू होती का, हे धीराने काढून घ्यावे लागते. त्या उत्तरांवरून डॉक्टर मृत्यूचे कारण ठरवतात. दोन वर्षांच्या अशा फिरतीतून निघालेला निबंध आणि उपलब्ध आकडेवारीवर बेतलेला निबंध एच-निर्देशांकात सारख्याच पद्धतीने मोजले जातात, हा या मापाचा मोठा दोष होय. लेखकत्वाच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार केवळ माहिती गोळा करणारा लेखक ठरत नाही. त्यामुळे दारोदार फिरलेल्यांचा उल्लेख सहसा निबंधाच्या शेवटी आभारात येतो, आणि आभार कोणत्याही निर्देशांकात धरले जात नाहीत.