कॉम्प्युटरचं घड्याळ चुकतंय? आधी फरक मोजा, मग सेटिंगला हात लावा

आमच्या सर्व ग्राहकांसाठी

"वेळ चुकीची दाखवतोय" ही तक्रार आमच्याकडे सारखी येते आणि खरं सांगायचं तर यातल्या बऱ्याच तक्रारींसाठी मशीन उचलून आणायची गरजच नसते, घरच्या घरी पाच मिनिटांत काम होतं. पण होतं काय, वेळ चुकलेली दिसली की लोकं ती लगेच हाताने पुढेमागे करतात, स्क्रीनवर बरोबर दिसली की विषय संपला म्हणून सोडून देतात, आणि दोन दिवसांनी परत तेच. एका ग्राहकांकडे गेलो तर मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली, "चालू केल्यावर आधी वेळ लावणे". कित्येक महिने रोज सकाळी हा कार्यक्रम चालू होता. मशीन ठणठणीत होतं, नुसता टाइम झोन (कुठल्या देशाची वेळ दाखवायची ते सेटिंग) चुकीचा होता.

म्हणून हे पत्रक. घड्याळ आणि टाइम झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीची चूक दुसरीला पिळून दुरुस्त करू नका, एवढंच खरं तर सांगायचंय, पण ते का ते कळलं तर लक्षात राहील.

कॉम्प्युटर आतमध्ये एकच वेळ धरून चालतो, तिला यूटीसी म्हणतात, ती जगभर सगळीकडे सारखीच असते. आपल्याला खाली कोपऱ्यात जी वेळ दिसते ती म्हणजे यूटीसीमध्ये आपल्या झोनचा फरक मिळवून केलेला हिशोब. भारताचा फरक अधिक साडेपाच तास, नेपाळचा पावणेसहा, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा उणे आठ आणि तिकडे उन्हाळ्यात उणे सात. आता समजा विंडोज टाकताना झोन चुकून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचाच राहिला (आमच्याकडे येणाऱ्या केसेसमध्ये हा फार वेळा सापडतो, कारण इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट करत गेलं की तोच राहून जातो) आणि तुम्ही घड्याळ हाताने पुढे करून सकाळचे १० करून टाकले. स्क्रीनवर १० दिसले, तुम्ही खूश. पण कॉम्प्युटरने काय समजून घेतलं, तर अमेरिकेत सकाळचे १० वाजलेत, म्हणजे आतली यूटीसी वेळ खऱ्यापेक्षा साडेतेरा तास पुढे गेली. मग दुपारी ३ ची ऑनलाइन मीटिंग कॅलेंडरमध्ये रात्री दीडला दिसते, कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅममधून पाठवलेल्या मेलवर पुढची वेळ पडते आणि समोरचा विचारतो की हे काय उद्याचं मेल आज कसं आलं. आणि रात्री कधीतरी इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवलं गेलं की तुमची मेहनत पाण्यात, सकाळी परत साडेतेरा तास मागे. कॉम्प्युटर त्याच्या परीने बरोबरच वागत असतो.

आधी फरक मोजायचा

मोबाइलवरची वेळ आणि कॉम्प्युटरवरची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघा, मिनिटं सुद्धा बघा आणि तारीख सुद्धा. बऱ्याचदा या एका गोष्टीवरूनच आम्हाला फोनवर रोग कळतो.

मिनिटं बरोबर आहेत पण तास चुकलाय, किंवा फरक बरोबर अर्ध्या तासाच्या हिशोबात बसतोय, तर तो टाइम झोन. साडेतेरा किंवा साडेबारा तास मागे असेल तर वर सांगितलेला अमेरिकेचा झोन, डोळे मिटून. नुसता १ तासाचा फरक असेल आणि तुम्ही अशा देशात असाल जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, तर ते डेलाइट सेव्हिंगचं लफडं आहे. बरोबर १२ तासांचा फरक म्हणजे कोणीतरी हाताने वेळ लावताना एएम-पीएम उलटं केलंय, यात दुसरं काही शोधू नका. चार-पाच मिनिटं किंवा वीस मिनिटं असा वेडावाकडा फरक असेल तर झोनला हात लावू नका, घड्याळ इंटरनेटशी जुळवलं जात नाहीये. आणि तारीखच काही वर्षं मागे गेली असेल, सालच भलतं दाखवत असेल, तर बहुतेक मदरबोर्डवरचा (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डावरचा) सेल संपलाय.

व्हायरस असेल का असं खूप जण विचारतात. नाही हो, शक्यतो नाही. त्यापेक्षा घरातल्या पोरांनी गेमसाठी तारीख पुढे ढकलून ठेवलेली निघायचा चान्स जास्त असतो.

झोन दुरुस्त करायचा तर

विंडोज १० आणि ११ मध्ये खाली कोपऱ्यातल्या घड्याळावर राइट क्लिक करा, डेट अँड टाइम सेटिंग्जचं ऑप्शन येतं. तिथे टाइम झोनची लिस्ट उघडा. भारतासाठी साडेपाचवाली ओळ शोधताना घाई करू नका, कारण साडेपाचच्या दोन ओळी आहेत, एकीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी नावं आहेत आणि दुसरीत श्री जयवर्धनेपुरा, म्हणजे श्रीलंका. दुसरी निवडली तरी आज वेळ तीच दिसेल, पण आपली निवडलेली बरी, उद्या त्या देशाने नियम बदलला तर तुमचं घड्याळ उगाच त्यांच्यामागे जाईल. आणि देश नियम बदलतात बरं का, मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात डेलाइट सेव्हिंग बंद केलं, सामोआने तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला. असे बदल विंडोजला अपडेटमधून कळतात, म्हणून अपडेट वर्षानुवर्षं बंद ठेवून बसलेल्यांची वेळ एखाद्या दिवशी अचानक तासाने चुकते.

भारताचा झोन निवडल्यावर डेलाइट सेव्हिंगचं बटण पुसट दिसतं किंवा दिसतच नाही, त्यावरून काहीजण घाबरून फोन करतात. भारतात डेलाइट सेव्हिंग नाही म्हणून ते बटण कामाचं नाही, बिघडलेलं नाही.

त्याच पानावर झोन आपोआप ठरवायचं बटण आहे, पण ते लोकेशनवर चालतं, लोकेशन बंद असेल तर काही करत नाही आणि व्हीपीएन (दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून इंटरनेट वापरायची सोय) चालू असेल तर कधीकधी भलत्याच देशाचा झोन लावून मोकळं होतं. घरच्या डेस्कटॉपला आम्ही ते बंदच ठेवतो, टेबलावरचा कॉम्प्युटर कुठे प्रवासाला जाणार आहे? लॅपटॉप घेऊन देशोदेशी फिरत असाल तर चालू ठेवा.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात डेट अँड टाइम. लिनक्सवाल्यांना टाइमडेटसीटीएल ही कमांड माहीत असतेच, झोन, यूटीसी आणि बोर्डावरच्या घड्याळाची वेळ असं सगळं एका फटक्यात दाखवते.

झोन बरोबर झाला, आता वेळ

क्रम हाच ठेवा, आधी झोन, मग वेळ. त्याच पानावर सेट टाइम ऑटोमॅटिकली चालू करा आणि खाली सिंक नाऊ म्हणून बटण आहे ते दाबा (विंडोज ११ मध्ये एखादं सेक्शन उघडावं लागतं). कॉम्प्युटर इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला वेळ विचारतो, उत्तर यायला जायला किती वेळ लागला तेही हिशोबात धरतो आणि घड्याळ जुळवतो. ही पद्धत १९८५ पासून चालत आलीय, एनटीपी म्हणतात तिला.

आता इथे एक गोची आहे. तारीख फारच मागेपुढे असेल, म्हणजे दोन-चार दिवस किंवा वर्षं, तर सिंक बऱ्याचदा नकार देतं. घरच्या विंडोजमध्ये आपोआप दुरुस्तीची मर्यादा १५ तासांची ठेवलेली असते, त्याच्या पलीकडचा फरक दिसला की त्याला वाटतं सर्व्हरच काहीतरी चुकीचं सांगतोय. मग लोकं सिंकचं बटण दहा वेळा दाबतात आणि वैतागून नेट खराब आहे म्हणतात. अशा वेळी आधी ऑटोमॅटिक बंद करा, तारीख आणि वेळ हाताने साधारण बरोबर लावा, मिनिट इकडेतिकडे चालेल, मग ऑटोमॅटिक चालू करून सिंक दाबा. हाताने वेळ लावायची खरी गरज ही एवढीच.

तरीही होत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये (मागे चालू असणाऱ्या कामांची यादी) विंडोज टाइम नावाची सर्व्हिस चालू आहे का बघा, "स्पीड वाढवणारे" प्रोग्रॅम ही सर्व्हिस बंद करून ठेवतात असं आम्ही पाहिलंय. ती चालू असेल तर फायरवॉल किंवा अँटीव्हायरस यूडीपी पोर्ट १२३ (टाइम सर्व्हरशी बोलायचा रस्ता) अडवतोय का ते बघावं लागतं, ते जमत नसेल तर आम्हाला कळवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र यातलं काही करू नका, त्याची वेळ ऑफिसच्या सर्व्हरवरून येते आणि ती त्यांच्या आयटीवाल्यांची जबाबदारी.

सेटिंग बदलूच देत नाहीये असंही होतं. साध्या युझर अकाउंटला विंडोज झोन बदलू देतं पण वेळ बदलू देत नाही, त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो.

मदरबोर्डवरचा सेल

कॉम्प्युटर बंद असतानाही वेळ मोजत राहायला मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. त्यातला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, हा आकडा १५ वेळा निम्मा निम्मा केला की बरोबर १ येतो, म्हणून तो निवडलाय, मनगटी घड्याळातही तोच असतो. हे घड्याळ काही फार अचूक नसतं, दिवसाला सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे होतं, म्हणजे महिन्याला मिनिटभर, त्यामुळे इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरचं घड्याळ वर्षभरात दहा मिनिटं चुकलं तर त्याला बिघाड म्हणू नका.

भिंतीवरचं मेनचं बटण बंद केलं की या घड्याळाला करंट देतो एक नाण्याएवढा सेल, बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्ट. तो संपला की ओळखायची खूण सोपी आहे. मशीन चालू असेपर्यंत वेळ बरोबर, नुसतं रीस्टार्ट केलं तरी बरोबर, पण लाईट गेली किंवा भिंतीवरचं बटण बंद केलं की दुसऱ्या दिवशी तारीख कुठच्या कुठे. कधी सुरुवातीलाच काळ्या स्क्रीनवर सीमॉसबद्दल (बोर्डाच्या सेटिंग साठवायची जागा) काहीतरी लिहून येतं आणि एफ१ दाबल्याशिवाय पुढे जात नाही. प्लग चालू असेल तर बोर्ड भिंतीतल्या करंटवर चालतो, सेल वापरलाच जात नाही, म्हणून रोज रात्री बटण बंद करणाऱ्यांचा सेल लवकर संपतो. पण म्हणून बटण बंद करायची सवय सोडू नका, सेल स्वस्तातली वस्तू आहे.

तारीख मागे गेली की पहिला झटका ब्राउझरमध्ये बसतो. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक सर्टिफिकेट असतं, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं, आणि तुमचा कॉम्प्युटर जर २०१५ मध्ये बसला असेल तर त्याच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. मग बँक, मेल, सगळीकडे लाल इशारे. बरेचजण इथे इंटरनेट कंपनीशी भांडत बसतात. आणि दर ३० सेकंदांनी बदलणारे लॉगिन कोड कॉम्प्युटरवरच्याच एखाद्या प्रोग्रॅममध्ये काढत असाल तर तेही चालायचे नाहीत, कारण ते वेळेवरूनच तयार होतात.

सेल घरी बदलता येतो. पण आधी दोन कामं करा. बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवायची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कुठे आहे ते शोधून कागदावर लिहा, कारण सेल काढल्यावर बायोस मूळ सेटिंगवर गेलं तर विंडोज ती की मागू शकतं आणि नसेल तर डेटा गेला म्हणून समजा. आम्हाला या पत्रकात खरी भीती याच वाक्याची आहे, बाकी चुका निस्तरता येतात. मग प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, क्लिप बाजूला करून सेल उचला, नवीन सेलची अधिकची बाजू वर ठेवून बसवा. चालू केल्यावर बायोसमध्ये तारीख लावा आणि मग वर सांगितल्याप्रमाणे सिंक. जुना सेल टेबलावर ठेवू नका, लहान मुलाने गिळला तर तासा-दोन तासांत अन्ननलिका भाजते, तो लगेच चिकटपट्टीत गुंडाळून वर ठेवा. लॅपटॉपचा सेल मात्र स्वतः उघडून बघू नका, काहींमध्ये तो वायरने जोडलेला असतो आणि काहींमध्ये नसतोच.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स

हा प्रकार थोड्याच ग्राहकांना लागू आहे, पण ज्यांना आहे ते हैराण असतात. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. दोघांपैकी कोणीच बिघडलेलं नाही, बोर्डावरच्या घड्याळात लिनक्स यूटीसी लिहून ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. दोघांना एकच भाषा बोलायला लावायची. विंडोजच्या रजिस्ट्रीत (त्याच्या आतल्या सेटिंगची वही) एक नोंद करून त्याला यूटीसी वाचायला लावणं आम्हाला जास्त बरं वाटतं, पण रजिस्ट्रीत पूर्वी कधी शिरला नसाल तर मशीन आणून द्या, समोर बसून करून देऊ.

फोन करण्यापूर्वी

कॉम्प्युटरची स्क्रीन आणि शेजारी धरलेला मोबाइल, दोन्हीची वेळ आणि तारीख दिसेल असा एक फोटो काढून पाठवा. सोबत एवढंच लिहा की वेळ मशीन बंद करून चालू केल्यावर चुकते की चालू असताना चुकते, आणि मधल्या काळात तुम्ही स्वतः ती हाताने बदलली होती का. बदलली असेल तर बदलली म्हणून सांगा, आम्ही रागावत नाही, फक्त मग फोटोतला फरक आम्ही वेगळा वाचतो.