नाग नदीत एक संत्रं सोडून पाहा

उन्हाळा आला की नागपूरच्या नाग, पिली आणि पोहरा या तिन्ही नद्यांत पोकलेन उतरतात. गाळ निघतो, काठावर ढीग लागतात, पेपरात फोटो येतात. पुराच्या पाण्याला वाट हवी म्हणून हे काम गरजेचंच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि धरमपेठ, सीताबर्डीपर्यंत घरादुकानांत पाणी शिरलं, ते कोणी विसरलेलं नाही. पण गाळ काढला म्हणून पाण्याची प्रत सुधारत नाही. पोकलेन परत गेलं की नदी पुन्हा तशीच काळी. घाण पात्रात तयारच होत नाही, ती वरून येते. आणि 'वरून' म्हणजे नेमकं कुठून, किती, हे मोजल्याशिवाय नदी सुधारण्याचा कुठलाही आराखडा अंदाजपंचे असतो.

पाणलोट, म्हणजे ज्या भागातलं पाणी उताराने एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळतं तो सगळा भाग. पाणलोट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिवरे बाजार येतं, राळेगणसिद्धी येतं. सलग समतल चर, माती-नाला बांध, माथा ते पायथा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने अख्ख्या महाराष्ट्राचे सुमारे दीड हजार पाणलोट पाडून ठेवले आहेत, तेही मुख्यतः विहिरींना पाणी किती मिळेल या हिशोबाने. शहरात मात्र हा विचार फारसा कोणी करत नाही. खरं तर पावसाचा थेंब उतारावरून घरंगळताना ज्या ज्या गोष्टींवरून जातो, त्या थोड्या थोड्या सोबत घेतो. शेतावरून गेला तर युरिया, रस्त्यावरून गेला तर ऑइल आणि टायरची धूळ, वस्तीतून गेला तर शोषखड्ड्याचं ओघळलेलं पाणी.

नागपूरचा नकाशा या नजरेने पाहिला तर प्रभाग-झोन सगळे पुसून जातात. सेमिनरी हिल्सच्या उत्तर उतारावरचं पाणी पिलीच्या बाजूला जातं, दक्षिणेकडचं नागकडे. पिली गोरेवाडा तलावाकडून निघते. नाग लाव्ह्याच्या टेकड्यांकडून येते, अंबाझरीत थांबते, मग सांडव्यावरून शहरात शिरते. अंबाझरीच्या वरच्या अंगाला वाडी आहे आणि हिंगण्याचं एमआयडीसी आहे. वाडीची नगर परिषद वेगळी, नागपूरची महानगरपालिका वेगळी. पाण्याला त्याचं काय? वाडीचं सांडपाणी उताराने अंबाझरीतच येतं. तलावाची जलपर्णी काढायचा खर्च एका संस्थेने करायचा आणि तिला खत पुरवणारी वस्ती दुसऱ्या संस्थेच्या हद्दीत, असा हा प्रकार आहे. त्यामुळे आराखड्याचं पहिलं काम हद्द नव्याने आखण्याचं. उंचीच्या रेषांचा नकाशा घ्यायचा, प्रत्येक मोठ्या नाल्याचा उपपाणलोट वेगळा रंगवायचा.

मग मोजणी. इथे संत्रं कामाला येतं.

नाल्याचा सरळ, काठ बऱ्यापैकी सारखा असलेला तुकडा शोधायचा. दहा मीटर टेपने मोजून दोन खुणा करायच्या. वरच्या खुणेच्या थोडं आधी संत्रं सोडायचं, खालच्या खुणेपर्यंत जायला किती सेकंद लागले ते मोबाइलवर बघायचं, आणि असं पाच-सहा वेळा करून सरासरी घ्यायची. संत्रंच का? जगभर जलशास्त्राचे विद्यार्थी संत्री वापरतात आणि त्याला कारण आहे. सालीतल्या हवेमुळे ते तरंगतं, पण बरंचसं पाण्याखाली राहतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. रंग लांबून दिसतो. हरवलं तरी प्लास्टिक वाढत नाही. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात आणि मोजणीला तोच काळ चांगला, कारण पाऊस नसतो. नाल्यात जे वाहतं ते जवळपास सगळं सांडपाणीच.

समजा संत्र्याला दहा मीटरला वीस सेकंद लागले. वेग सेकंदाला अर्धा मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळाशी असलेल्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं. नाला दोन मीटर रुंद, सरासरी ०.३ मीटर खोल. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे २५५ लिटर येतात, म्हणजे दिवसाला २२ दशलक्ष लिटर.

आता पाण्याचा नमुना. बाटलीत पाणी बुडबुडे न येऊ देता भरायचं आणि काठावरच त्यात मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइडचं द्रावण घालायचं. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. प्रयोगशाळेतला आकडा नंतर येईल, पण पांढरा साका बघितला की तिथल्या तिथे कळतं, या पाण्यात मासा जगणार नाही. मे महिन्यात तर नदीची बाजू आधीच लंगडी असते: वीस अंशाचं पाणी लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू धरून ठेवतं, तीस अंशाचं साडेसातच.

बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातील त्याचं माप. परदेशी पुस्तकांत ही बाटली २० अंशाला पाच दिवस अंधारात ठेवतात. आपल्याकडे २७ अंशाला तीन दिवस. आपल्या हवामानाला हेच बरोबर. आंघोळीजोग्या नदीत हा आकडा लिटरला तीन मिलिग्रॅम किंवा कमी आणि विरघळलेला प्राणवायू पाच किंवा जास्त असावा, असा आपला निकष आहे.

पण एकट्या बीओडीवर विसंबून फसगत होते. सावजी रश्श्याचा एक घास तिखट किती जहाल ते सांगतो, भटारखान्यात दिवसाला किती किलो मिरची संपली ते सांगत नाही. आराखड्याला किलो हवे असतात. हिशोब फार सोपा आहे: लिटरमागे मिलिग्रॅम गुणिले दिवसाचे दशलक्ष लिटर, उत्तर थेट दिवसाला किलोत. आपल्या मघाच्या नाल्याचा बीओडी ६० धरला, तर २२ गुणिले ६०, म्हणजे १३२० किलो. शेजारच्या गल्लीत एक अरुंद, काळा, नाक धरायला लावणारा नाला आहे. त्याचा बीओडी २००, पण पाणी दोनच दशलक्ष लिटर. तो नदीत टाकतो ४०० किलो. तक्रारी सगळ्या दुसऱ्या नाल्याच्या येणार, नगरसेवक तिथेच जाणार, आणि पहिला तिप्पट घाण ओतत निवांत वाहणार. प्रत्येक नाल्याचे किलो काढून उतरत्या क्रमाने यादी लावली की बहुतेक वेळा मोजक्या नाल्यांतूनच बराचसा भार येताना दिसतो. पैसा आधी तिथे जायला हवा.

नमुना किती वाजता घेतला यालाही महत्त्व आहे. सकाळी आंघोळी, धुणी-भांडी, तेव्हा नाला घट्ट. पहाटे तीनला तोच नाला पातळ. सरकारी वेळेत, दुपारी, एक बाटली भरून आणली तर चित्र अर्धवट. चोवीस तास ठरावीक अंतराने थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र करायचं, हा खरा नमुना. आणि जूनच्या पहिल्या सरीचा नमुना वेगळाच ठेवायचा. आठ महिन्यांची रस्त्यांवरची धूळ, ऑइल, कचरा त्या पहिल्या तासात उतरतो, त्याला सांडपाणी प्रक्रिया केंद्र काही करू शकत नाही. तिथे गटाराच्या तोंडाशी जाळ्या, उघड्या मातीचे पट्टे, सिमेंट न घातलेली मैदानं लागतात. वरच्या भागात घरांची दाटी वाढते, अंगणांत फरशा बसतात, तशी ही पहिली धार आणखी घाण होत जाते.

नाग नदीच्या प्रदूषण निवारणासाठी जपानी कर्जाच्या मदतीने १९०० कोटींहून मोठा प्रकल्प मंजूर आहे. नाले अडवायचे, सांडपाणी केंद्रांकडे वळवायचं. चांगलंच आहे. पण एक अडचण कोणी मोठ्याने बोलत नाही. उन्हाळ्यात नागमध्ये वाहणारं पाणी बहुतांश सांडपाणीच असतं. ते सगळं अडवलं, तर नदीत उरणार काय? शहराच्या पूर्वेकडच्या भांडेवाडीच्या सांडपाणी केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं, दिवसाला १३० दशलक्ष लिटरच्या घरात. त्यामुळे तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचतं, हा हिशोब बरोबर आहे. पण नदीचा वाटाही त्याच आराखड्यात आकड्यात लिहिलेला हवा. माझ्या मते सगळं पाणी पूर्वेकडे एकाच ठिकाणी नेण्यापेक्षा पश्चिमेला लहान केंद्रं बरी. तिथलं शुद्ध पाणी वरच सोडलं, तर ते अख्ख्या शहरातून वाहील.

आणि पाणलोट शहराच्या पूर्व टोकाला, पारडीला संपत नाही. नाग-पिलीचं पाणी कन्हानला, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत, आणि पुढे गोसीखुर्दचा जलाशय. तिथे पाणी थांबतं, जलपर्णीला ऊन आणि खत दोन्ही मिळतं. हे खत म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. बीओडी उतरवणारं साधं सांडपाणी केंद्र यातला बराचसा फॉस्फरस तसाच पुढे सोडतं. म्हणजे नागपुरात सगळे आकडे निकषात बसले तरी भंडाऱ्याकडे जलपर्णी वाढत राहू शकते. कन्हानला मिळण्याआधी, नाग आणि पिली एकत्र आल्यानंतरच्या पुलावर फॉस्फरसचे किलो वर्षभर वेगळे मोजले, तर शहराच्या केंद्रांत त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागेल की नाही, हे ठरवता येईल.