पार्श्वभूमी : लोकप्रिय गाण्यांतली समलिंगी माणसं आणि गाण्यातला ‘मी’

लोकप्रिय गाण्यांमधल्या समलिंगी माणसांवरून वाद पेटला की चर्चा बहुतेक वेळा एका शब्दाशी येऊन अडते. २०११ मध्ये कॅनडात एका जुन्या रॉक गाण्यातल्या शिवीबद्दल निर्णय आला, तेव्हाही हेच झालं. तो शब्द रेडिओवर चालेल का, कापायचा का, त्या जागी दुसरा घालायचा का. त्याआधीचा प्रश्न मात्र मागेच राहतो: गाण्यात ‘मी’ म्हणणारा माणूस कोण, आणि तो ‘मी’ खरा समजायचा की रचलेलं पात्र? हे ठरवण्याचा अधिकार बराच काळ गाणाऱ्याकडे नव्हता. तो प्रकाशकाकडे होता, ध्वनिमुद्रण कंपनीकडे होता आणि सगळ्यात जास्त रेडिओकडे होता.

जुना काळ थोडक्यात. १९२० मध्ये बर्लिनमध्ये एक कॅबरे गीत छापलं गेलं. ‘आम्ही इतरांसारखे नाही’ असं त्यात समलिंगी माणसं स्वतःच उघडपणे म्हणतात. तेव्हा पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं जर्मन दंडसंहितेचं कलम १७५ लागू होतं, आणि संगीतकाराने गाणं टोपणनावाने दिलं होतं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर ते कॅबरे क्लबही राहिले नाहीत आणि ती गाणीही. अमेरिकेत १९२८ मध्ये एका कृष्णवर्णीय ब्लूज गायिकेने कॉलर-टाय घालून मैत्रिणींबरोबर हिंडण्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि ‘सिद्ध करून दाखवा’ असं लोकांनाच आव्हान दिलं. कंपनीने जाहिरातीत पुरुषी पोशाखातली बाई आणि तिच्यावर नजर ठेवणारा पोलीस असं चित्र छापलं. म्हणजे विकणाऱ्यांना गाण्याचा अर्थ पुरता कळला होता.

याच सुमारास उलट्या बाजूने एक गंमतशीर गोष्ट घडत होती. गाण्याचे शब्द बदलायचे नाहीत, असा संगीत प्रकाशकांचा दंडक असे. त्यामुळे बाईच्या तोंडी लिहिलेली प्रेमगीतं पुरुष गायक जशीच्या तशी गात आणि एखाद्या पुरुषावरच्या प्रेमाबद्दल आळवून बोलत. श्रोत्यांना त्यात वावगं वाटत नसे, कारण गाणं म्हणणारा आणि गाण्यातला ‘मी’ वेगळे, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. तीसच्या दशकात तो दंडक सैल पडला. मग गायकाने सर्वनाम उलटून ‘त्याच्या’ जागी ‘तिच्या’ करायची पद्धत रुळली, ती इतकी पक्की की आजही जुनं गाणं नव्याने गाताना कित्येक जण आधी सर्वनामच तपासतात. सर्वनाम न बदलता पुरुषांसाठीची प्रेमगीतं पुरुषाच्या आवाजात म्हणणारी एक तबकडी १९६२ मध्ये अमेरिकेत निघाली, तीही गायकाचं नाव न छापता.

इथे भाषेचाही हात आहे. इंग्रजीत ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या मागे येणारं क्रियापद पुरुष-स्त्री भेद दाखवत नाही. त्यामुळे इंग्रजी गीतकाराला ‘तू’च्या आडून वर्षानुवर्षं लिहिता आलं. ‘आलास’ आणि ‘आलीस’ यांतून सुटका नसलेल्या आपल्यासारख्या भाषेत हा आडोसा फार थोडा मिळतो.

खरी घुसळण सत्तरच्या दशकात सुरू झाली. १९७३ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये समलिंगी जगण्यावरचा संपूर्ण कंट्री अल्बम निघाला. प्रती फक्त १०००. हक्कांच्या चळवळीने तो काढला आणि चळवळीतच तो फिरला. मोठ्या कंपन्यांनी त्याला हात लावला नाही, आणि पुढची चाळीस वर्षं, २०१४ मध्ये तो पुन्हा प्रकाशित होईपर्यंत, कंट्री संगीताच्या इतिहासात त्याची जवळजवळ दखलच नव्हती.

इंग्लंडमधलं १९७८ चं उदाहरण माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा आहे. १९६७ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षांवरच्या दोन पुरुषांमधला खासगी संबंध गुन्हा राहिला नव्हता, पण पोलिसांचे छापे आणि वृत्तपत्रांची चिखलफेक चालूच होती. १९७६ च्या लंडनमधल्या समलिंगींच्या अभिमान यात्रेसाठी (प्राइड मार्चसाठी) लिहिलेलं एक गाणं नेमकं याच्यावर होतं. लिहिणारा आणि गाणारा एकच, आणि तो स्वतः समलिंगी. गाण्यातला ‘मी’ पात्र आहे असं म्हणायला जागाच नव्हती. १९७८ मध्ये ते चार गाण्यांच्या तबकडीवर आलं आणि तबकडी विक्रीच्या यादीत १८ व्या क्रमांकापर्यंत चढली. सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या तरुणांसाठीच्या केंद्राने यादीच्या कार्यक्रमात ती तबकडी वाजवली, पण त्यावरचं दुसरंच गाणं लावून. बंदीचा गाजावाजा नाही, शिवीगाळ नाही. सुई फक्त शेजारच्या गाण्यावर ठेवली.

१९८४ मध्ये त्याच केंद्राने दुसऱ्या एका गाण्यावर उघड बंदी घातली. ते गाणं लैंगिक सुखाबद्दल होतं आणि गटातले दोघे जण जाहीरपणे समलिंगी होते. बंदीनंतर गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पाच आठवडे तिथेच राहिलं. त्याच वर्षी छोट्या गावातून छळाला कंटाळून घर सोडणाऱ्या मुलाचं एक गाणं तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्यात ‘समलिंगी’ या अर्थाचा एकही शब्द नाही, तरी ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या ओळीतच कळलं. त्या गटाच्या अल्बमच्या आतल्या पाकिटावर वेगवेगळ्या देशांतली समलिंगी संबंधांसाठीची संमतिवयं छापली होती. अमेरिकी आवृत्तीतून ती यादी काढून टाकली गेली. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये कलम २८ आलं आणि स्थानिक संस्था व त्यांच्या शाळांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला मनाई झाली. स्कॉटलंडमध्ये २००० पर्यंत आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ पर्यंत ते टिकलं. त्या वर्षांत वाढलेल्या कित्येक मुलांना स्वतःसाठीचे शब्द वर्गात मिळाले नाहीत, गाण्यात मिळाले. या काळातल्या गाण्यांचं मोल मोजताना हे विसरून चालणार नाही. एड्सच्या वर्षांतली शोकगीतंही याच परंपरेतली आहेत: आजाराचं नाव नाही, नात्याचं नाव नाही, फक्त गेलेल्या मित्रांची मोजदाद.

आता कॅनडातल्या त्या निर्णयाकडे. तो थोडा सविस्तर बघायला हवा, कारण त्याचं वार्तांकन बहुतेक ठिकाणी ‘अतिसंवेदनशीलतेचा कहर’ एवढ्यावरच उरकलं गेलं.

गाणं १९८५ चं, एका ब्रिटिश रॉक गटाचं. अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर. घरगुती उपकरणं उचलून पोचवणारा एक कामगार टीव्हीवरच्या पॉप गायकाकडे बघत कुरकुरतो, आणि कानात डूल व तोंडाला रंग लावणाऱ्या त्या गायकाला समलिंगी पुरुषांसाठीची शिवी देतो. एका कडव्यात ती शिवी तीन वेळा येते. गीतकाराचं म्हणणं असं की न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात हे बोलणं त्याने खरोखर ऐकलं होतं आणि गाण्यातला माणूस टीकेचा विषय आहे, आदर्श नाही. तेव्हाही आक्षेप आले होते. पुढे मैफलीत गाताना तो स्वतःच अनेकदा तो शब्द बदलत असे.

२०१० मध्ये न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स इथल्या एका श्रोत्याने स्थानिक केंद्राविरुद्ध तक्रार केली. कॅनडातल्या खासगी प्रसारकांनी आपल्यावर देखरेखीसाठी स्वतःच एक मंडळ नेमलेलं आहे. समूहांच्या चित्रणाबद्दलची आचारसंहिता ते राबवतं, आणि लैंगिक कल त्या संहितेत येतो. केंद्राचा बचाव असा होता की गाणं पंचवीस वर्षं वाजतंय, पुरस्कारप्राप्त आहे. मंडळाच्या प्रादेशिक समितीने तो मानला नाही. शब्द द्वेषाने वापरलेला नाही हे तिने मान्य केलं. पण एके काळी चालून गेलेला शब्द आज चालेलच असं नाही, आणि ते कडवं गाळलेली आवृत्ती उपलब्ध असताना मूळ वाजवण्याची गरज नव्हती, असा निर्णय तिने जानेवारी २०११ मध्ये जाहीर केला. गाण्यावर बंदी कुठेच नव्हती. खासगी केंद्रांनी ते न कापता वाजवू नये, एवढंच होतं.

मग उसळला तो संताप. एडमंटन आणि हॅलिफॅक्समधल्या केंद्रांनी निषेध म्हणून मूळ गाणं तासभर पुन्हा पुन्हा वाजवलं. सरकारी नियामकाकडे पत्रांचा ओघ लागला आणि काही दिवसांतच त्याने मंडळाला फेरविचार करायला सांगितलं. ऑगस्टच्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवरच्या खास समितीने निकाल फिरवला: शब्द अयोग्यच आहे, पण या गाण्यात तो एका पात्राच्या तोंडी उपरोधाने आला आहे, तेव्हा कोणती आवृत्ती वाजवायची ते प्रत्येक केंद्राने आपल्या श्रोत्यांचा विचार करून ठरवावं.

कलेच्या दृष्टीने दुसरा निकाल जास्त समजूतदार आहे, हे मान्य. पात्र आणि कवी एक नव्हेत, ही गोष्ट कुणाही वाचणाऱ्याला पटेल. पण पहिल्या समितीला जी वागणूक मिळाली ती न्याय्य नव्हती. तिच्या निर्णयातून उभा राहणारा प्रश्न साधा होता: गाडीत बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या कानावर तीन वेळा तो शब्द पडतो, तेव्हा कथनाची चौकट त्याच्यापर्यंत पोचते का? रेडिओवर चौकट नसते. आधी जाहिरात, नंतर हवामान, मधे गाणं. आणि १९७८ शेजारी ठेवून पाहिलं की असमतोल डोळ्यांत भरतो. समलिंगी माणूस स्वतःबद्दल बोलला तेव्हा रेडिओने शेजारचं गाणं लावलं. समलिंगी नसलेल्या पात्राने त्याला शिवी दिली तेव्हा मात्र ‘हे पात्र आहे’ हा युक्तिवाद पंचवीस वर्षं कुणी न मागताच लागू राहिला.

हाच युक्तिवाद २००० च्या आसपास डेट्रॉइटमधल्या एका रॅपरच्या बाजूनेही झाला: हिंसक ओळी त्याच्या दुसऱ्या व्यक्तिमत्त्वाच्या आहेत, त्याच्या नाहीत. २००१ च्या मोठ्या पुरस्कार सोहळ्यात एका ज्येष्ठ, उघडपणे समलिंगी ब्रिटिश गायकाने त्याच्याबरोबर गाणं म्हटलं, तर बाहेर हक्कवादी संघटनांची निदर्शनं चालू होती. २०१८ मध्ये त्याने तोच शब्द एका सहकलाकारासाठी वापरला. या वेळी आपण मर्यादा ओलांडली असं त्याने नंतर स्वतः मान्य केलं. १९८७ च्या एका प्रसिद्ध नाताळगीतातल्या भांडणातही तीच शिवी आहे. ब्रिटिश प्रसारण संस्थेच्या त्याच तरुणांच्या केंद्राने २००७ मध्ये ती पुसली, त्याच दिवशी ओरड झाल्यावर परत आणली, आणि २०२० मध्ये पुन्हा बदललेली आवृत्ती वाजवली.

जमैकाचं प्रकरण मात्र या मापाने मोजता येत नाही. १९९२ मध्ये गाजलेल्या एका डान्सहॉल गाण्यात समलिंगी पुरुषांना गोळी घालण्याची भाषा आहे, आणि तिथे आडोशाला कुठलं पात्रही नाही. हा बोलीतला अलंकार आहे, शब्दशः घेऊ नका, असा बचाव होत राहिला. तिथला समलिंगी संबंधांविरुद्धचा कायदा १८६४ चा, म्हणजे ब्रिटिश राजवटीतला, हेही खरं आणि महत्त्वाचं आहे. तरी २००४ मध्ये किंग्स्टनमध्ये हक्कांच्या चळवळीतला एक आघाडीचा कार्यकर्ता घरात मारला गेला, तेव्हा बाहेरच्या गर्दीत आनंद साजरा होत होता, हे तिथे पोचलेल्या मानवी हक्क संशोधिकेने नोंदवलं आहे. पोलिसांनी हेतू चोरीचा मानला. गर्दीच्या आनंदाला तेवढं उत्तर पुरत नाही. त्या सुमारास युरोपमधल्या मैफली रद्द होऊ लागल्या, २००७ मध्ये काही गायकांनी अशी गाणी न गाण्याच्या करारावर सह्या केल्याचं जाहीर झालं, आणि त्यांतल्या काहींनी लगेच सही नाकारली. १९९२ चं ते गाणं गायकाने २०१९ मध्ये स्वतःच आपल्या गाण्यांच्या संग्रहातून काढलं.

२०११ नंतरचा काळ बहुतेकांच्या आठवणीतला आहे. त्या वर्षी एका अमेरिकी गायिकेने गे, लेस्बियन, ट्रान्सजेंडर हे शब्द थेट नाचाच्या गाण्यात घातले. गाणं तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, तर मलेशियातल्या केंद्रांनी नेमकी तीच ओळ अस्पष्ट करून वाजवली. २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात समलिंगी विवाहावर मतदान होणार होतं. त्या वेळचं एक रॅप गाणं पुढे ऑस्ट्रेलियातल्या याच विषयावरच्या २०१७ च्या टपाली कौलाच्या काळात पुन्हा यादीच्या शिखरावर गेलं. त्याचा कथक स्वतः समलिंगी नाही, पाठीशी उभा राहणारा आहे. धृपद मात्र एका लेस्बियन गायिकेचं, तिच्या स्वतःच्या प्रेमाबद्दलचं आहे. गाण्याने कामगिरी केली यात शंका नाही. पण ओकलंडमधले कृष्णवर्णीय समलिंगी रॅपर २००० पासून स्वतःबद्दल लिहीत होते, आणि जगाने ऐकला तो मित्राचा आवाज.

गेल्या काही वर्षांत बदल दिसतो तो गाण्याच्या विषयात. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेल्या एका गाण्यात एक बाई आपल्या जुन्या मैत्रिणीला ठणकावते: तू स्वतःला कितीही फसवलंस, कुणा पुरुषाची बायको झालीस, तरी एका रात्री दचकून जागी होशील. ती आपली ओळख कुणाला समजावत नाही, हक्क मागत नाही, सहानुभूतीही मागत नाही. तिचा राग एका माणसावर आहे आणि तो राग ती पूर्ण आवाजात म्हणते.