एकाच पटीचा स्कोप की बदलत्या?

शिकारीच्या रायफलीवर बसवायच्या स्कोपवर, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवर, ‘६×४२’ किंवा ‘३-९×४०’ असे आकडे असतात. आधीचा आकडा चित्र किती पट मोठं दिसेल ते सांगतो, नंतरचा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पहिल्या स्कोपची पट कायम सहा. दुसऱ्याची, कडं फिरवून, तीन ते नऊ. मग एकाच आकड्याला बांधून कशाला घ्यायचं, असं कोणालाही वाटेल. पण खरी गोम आहे ती या आकड्यांच्या भागाकारात.

व्यासाला पटीने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ६×४२ मध्ये ती ७ मिमी. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते. वय वाढलं की ५ मिमीच्या आसपास. बरेच प्राणी चरायला बाहेर पडतात ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. त्या वेळी ३-९×४० नऊवर नेला तर झोत ४.४ मिमी, म्हणजे बाहुली मोठी, झोत बारीक आणि चित्र काळपट. सहावर आणला की ६.७. तीनवर हिशेबाने १३.३ (प्रत्यक्षात आतल्या अडणींमुळे बरेचदा कमी). यातला बराच प्रकाश बाहुलीबाहेर पडतो, पण त्याचाही फायदा असतो: घाईत रायफल खांद्याला लावताना डोळा जरा सरकला तरी चित्र हरवत नाही. मोठी पट आणि जाड झोत दोन्ही हवे असतील तर भिंगच मोठं लागतं. मध्य युरोपात मचाणावरून रात्री रानडुकराची शिकार करणारे म्हणूनच ८×५६ वापरतात. तो चांगलाच जड असतो.

बदलत्या स्कोपमध्ये प्रकाश जास्त वाया जातो, ही तक्रार मात्र आता जुनी झाली. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. समजा एकाच पटीच्या स्कोपात १० पृष्ठभाग आहेत आणि बदलत्यात १४. तर पलीकडे पोचतो अनुक्रमे ६६ आणि ५६ टक्के. १९३५ साली झाइस या भिंगं बनवणाऱ्या जर्मन कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणारा लेप शोधला. आज चांगल्या लेपाने प्रत्येक पृष्ठभागावरचं नुकसान अर्ध्या टक्क्यावर येतं. तेच गणित पुन्हा केलं तर ९५ आणि ९३. हा फरक डोळ्याला कळतसुद्धा नाही.

उरतो तो यंत्राचा प्रश्न. पुढचं भिंग चित्र उलटं पाडतं, मधली भिंगं ते सुलटं करतात. बदलत्या स्कोपात ही मधली भिंगं खाचांतून पुढेमागे सरकतात. त्यांत जरा ढिलाई असली की पट बदलताच नेमही हलतो. एकाच पटीच्या स्कोपात ही सरकणारी यंत्रणाच नसते, त्यामुळे तेवढ्याच पैशात तो बहुधा मजबूत आणि हलका मिळतो.

दाट रानात चालत शिकार करणाऱ्याला चार किंवा सहा पट पुरते, असं माझं मत. रान कधी दाट, कधी उघडं असेल तर बदलता घ्यावा, पण चालताना तो तीनवरच असावा. तीनवर १०० मीटरवरचा सुमारे ११ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, नऊवर जेमतेम ४. झाडीतून अचानक उठलेलं जनावर त्या चार मीटरांत शोधताना ते निघूनही जातं. शिवाय नऊवर हाताची थरथरही नऊ पट दिसते. लांबचं जनावर स्वस्थ चरत असेल तेव्हा पट वाढवायला वेळ असतोच.

नवा बदलता स्कोप बसवला की आधी चांदमारीच्या मैदानावर तीनवर पाच आणि नऊवर पाच गोळ्या त्याच निशाणावर झाडाव्यात. दोन्ही पुंजके एकाच जागी पडले नाहीत, तर तो स्कोप परत करावा.